कपाळ तिसऱ्या नंबरवर

"तायडे, चष्मा कपाळावर आहे," मी म्हणाले.

"माहीत हाय मॅडम," खिसे चाचपत तायडे म्हणाले. "पण कपाळ तिसऱ्या नंबरवर हाय."

आधी खिसा, मग पिशवी, मग कपाळ. चष्मा साऱ्या कचेरीला दिसत असला तरी खिसा आणि पिशवी धुंडाळल्याशिवाय हा माणूस कपाळाला हात लावायचा नाही. आज क्रम मोडला तर उद्या भरवसा कशाचा धरायचा, असा त्यांचा सवाल.

तायडे अमरावतीत राहायचे आणि एसटीनं अकोल्याला आमच्या जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढायच्या गिरणीत, यायचे. मी तिथली कचेरी सांभाळत होते. काट्यावर कापसाचं वजन झालं की पावती छापणारा प्रोग्राम त्यांनी लिहिलेला. काटा कुठल्या वायरीवर, ओलाव्यापायी वजनातून किती कापायचं, प्रिंटर कोणता, असल्या सेटिंगची एक छोटी फाइल असते. प्रोग्राम उघडला की सर्वांत आधी ती शोधतो. ती त्यानं कुठे शोधावी, यावर तायडे दुपारभर बोलू शकत. "पयले कुठं पाहाचं, थे ठरवा," हे त्यांचं पालुपद.

एकदा मालकांच्या गाडीची किल्ली हरवली. आम्ही सगळे टेबलांखाली घुसलो. तायडे खुर्चीत बसून जागांचे नंबर ठरवत होते. किल्ली गाडीलाच निघाली. "गाडी पाचव्या नंबरवर होती," तायडे समाधानानं म्हणाले. मालकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मीच विषय बदलला.

या माणसाला पुरून उरणारा एकच होता, प्रेसचे फोरमन रहीमभाई. रुईच्या गाठी बांधायची प्रेस मागच्या शेडात होती. एक कॉम्प्युटर तिथे, रहीमभाईंच्या टेबलावर, आणि एक माझ्या कचेरीत. फाइल आधी कुठे पाहायची, यावर दोघं एक अख्खा हंगाम भांडले.

"प्रोग्रामनं पयले सोताच्या फोल्डरमंदी पाहावं," तायडे म्हणायचे.

"अरे भई, सोताच्याच खिशात पाहून राहिला त त्याले चूक दिसन कशी?" रहीमभाईंचा आवाज प्रेसच्या वर चढायची सवय असलेला. "काट्याची वायर माह्या शेडात येते. पयले मले विचारू दे त्याले."

"अन् तुमी नसले त?"

"मी कुठं जाऊन राहिलो बे?"

तायडे हरले. आयुष्यात ते आनंदानं हरलेले मी तेवढंच पाहिलं. ठरलं असं: प्रोग्राम आधी शेडातल्या रहीमभाईंच्या कॉम्प्युटरला विचारणार, तिथे नाही मिळाली तर कचेरीतल्या स्वतःच्या फोल्डरमध्ये पाहणार, आणि तिथेही नसली तर 'सापडली नाही' म्हणून बंद पडणार.

मग ती वाईट वर्षं आली. पेपरात रोज जीव दिलेल्या कुठल्या ना कुठल्या शेतकऱ्याचं नाव असायचं. ओळखीचं निघेल म्हणून मी पान उलटून टाकायची. काट्यापुढची रांग आखडत गेली. प्रेस बंद झाली. रहीमभाई एक दिवस आलेच नाहीत. परतवाड्याला मुलीकडे गेले, असं कुणीतरी म्हणालं. त्यांचा कॉम्प्युटर भंगारात गेला आणि शेडाला कुलूप लागलं.

तेव्हापासून प्रोग्राम उघडायला वेळ खाऊ लागला. बटण दाबायचं आणि बसून राहायचं. नसलेल्या कॉम्प्युटरला तो हाका मारत बसायचा, उत्तर येत नाही म्हटल्यावर मग नाइलाजानं घरात पाहायचा. बाहेर काट्यावरून ओरडा यायचा, "ओ बाई, वजन होईपर्यंत कापूस वाळून हलका होईन ना!"

मालकांनी सांगून टाकलं: सोमवारपर्यंत हे दुरुस्त झालं नाही तर नागपूरचा प्रोग्राम आणू. तायड्यांचा प्रोग्राम चालवणाऱ्या बाकीच्या जिनिंगांना कुलपं लागलेली होती. आम्हीच उरलो होतो.

"प्रोग्राममधली शेडची ओळ काढा," मी तायड्यांना म्हणाले. "तिथे कॉम्प्युटर नाही, दिवा नाही, माणूस नाही."

"अन् रहीमभाई आले त? प्रोग्राम त्यायले न इचारता पुढं जाईन?"

"एवढं आहे तर परतवाड्याला जाऊन या ना. अमरावतीहून कितीसं लांब आहे?"

त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले.

"मॅडम, परतवाडा शेवटची जागा हाय. तिथंबी नाई सापडले, त मंग कुठं पाहाचं?"

"ओळ काढा," एवढंच मी म्हणाले.

त्यांनी काढली. प्रोग्राम डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडला. मालकांनी नागपूरचं नाव पुन्हा काढलं नाही, म्हणजे खूश होते. तायडे पडद्याकडे बघत राहिले. "लवकर उघडते आता," म्हणाले. आजकाल जेवण कमी झालंय त्यांचं, असं घरच्या म्हाताऱ्याबद्दल सांगतात ना, तो आवाज.

पुढच्या खेपेला ते आले तेव्हा मी खिडकीशी होते. फाटकातून ते कचेरीकडे वळलेच नाहीत. सरळ मागं शेडाकडे गेले, कुलपाजवळच्या फटीला डोळा लावला, थोडा वेळ तसेच वाकून उभे राहिले आणि मग इकडे आले. आल्या आल्या खिसे चाचपू लागले. चष्मा कपाळावर होता. कपाळाचा नंबर येईपर्यंत मी थांबले.

ते गेल्यावर मी चौकीदाराला विचारलं.

"थे त दर खेपेले जातेत," तो म्हणाला. "शेड बंद झालं तवापासून. पयले तिथं, मंग इथं."

"शेडाचं कुलूप काढून टाक."

"काहून मॅडम? चोरी झाली त?"

"आत चोरण्यासारखं काय उरलंय?" मी म्हणाले. "आणि दार नुसतं लोटून ठेव. कडी लावू नको."