कमरेतून मान वजा

हवालदाराची कंबर नियमापेक्षा चार बोटं जास्त भरली, तेव्हा देशाच्या संरक्षणाला खिंडार पडल्याचं डॉक्टरसाहेबांच्या तत्काळ ध्यानात आलं. त्यांनी फीत गुंडाळली, चष्मा पुसला आणि विचारलं, "जेवतोस किती?"

"भूक असेल तेवढं, साहेब."

"तिथंच चुकतंय."

पलटणीत सगळे या हवालदाराला 'रणगाडा' म्हणत. पाठीवर भरलेली पिशवी घेऊन तो छावणीमागची टेकडी सगळ्यांच्या आधी चढायचा आणि दमलेल्यांच्या पिशव्या आणायला पुन्हा खाली यायचा. पण टेकडीला काय कळतंय? नव्या नियमानुसार कमरेतून मान वजा करायची, उरेल ती चरबी. पलटणीचा कारकून 'काडी' याची कंबर शोधूनही सापडेना, म्हणून तो अतितंदुरुस्त ठरला. दोन पायऱ्या चढला की त्याला धाप लागायची, पण ती त्याची खासगी बाब.

"साहेब, एकदा पळवून तर बघा," हवालदार काकुळतीला आला. नवी पोरं घडवणं हाच त्याचा प्राण होता.

"पळायची चाचणी तंदुरुस्तांसाठी असते. तुला झेपणार नाही. पुढच्या मोजणीपर्यंत व्यायाम बंद. तेव्हाही हीच कंबर दिसली, तर कायमचा घरी."

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. "अहो, मान वजा करतात ना? मग मान वाढवा की!"

बाईचं डोकं चालतं, हे हवालदारानं कौतुकानं चार जणांना सांगितलं आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. दुसऱ्या दिवसापासून अख्खी पलटण भिंतीला कपाळ रेटून माना फुगवू लागली. पळाल्यानं मान बारीक होते असं कुणीतरी म्हणालं, म्हणून पळणं बंद झालं. गळ्याची बटणं तुटली. मान वाकेना, म्हणून बूट एकमेकांचे बांधावे लागत. पलटणीची सरासरी चरबी मात्र झपाट्यानं उतरली आणि वरून शाबासकी आली. एकटा हवालदार होता तिथंच राहिला, कारण मान फुगवणं हाही व्यायामच, आणि त्याला व्यायाम बंद होता.

मग तंदुरुस्तांचा टेकडीवर फोटो काढायचं ठरलं. अर्ध्या वाटेत काडी आडवा झाला. बाकीचे बसले ते उठेनात. डॉक्टरसाहेबांचा पाय मुरगळला. खाली उभ्या हवालदाराला राहवेना. तो धावत वर गेला आणि एका खांद्यावर काडी, दुसऱ्यावर डॉक्टरसाहेब घेऊन उतरू लागला.

"हळू! तू आजारी आहेस!" खांद्यावरून साहेब ओरडत होते.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरसाहेबांच्याच अध्यक्षतेखाली चौकशी मंडळ बसलं.

"बंदी असताना टेकडी चढलास?"

"साहेब, तुम्ही वर पडला होतात."

"मला उचलणं हा व्यायामच झाला. शिवाय तंदुरुस्त नसताना उचललंस, म्हणजे दिशाभूल."

कंबर पुन्हा मोजली, तेवढीच भरली. हवालदाराला घरी पाठवलं आणि त्याची जागा काडीला दिली. फाटकाशी हवालदार रडला, अगदी लहान मुलासारखा. त्याला निरोप द्यायला सगळे जमले होते, पण मान खाली घालणं कुणालाच जमलं नाही.

वाचकहो, तुम्हाला त्याची कणव येतेय, येणारच. पण खरं सांगा, पहिलंच वाक्य वाचून मनात आलं ना, 'थोडं कमी खाल्लं असतं तर काय बिघडलं असतं?' लाजू नका. चौकशी मंडळात एक खुर्ची रिकामी आहे. या, बसा.