सगळ्यांसाठी सौना

वनशास्त्र विभागाची बैठक म्हणजे कॉफी, दालचिनीचे पाव आणि "बघू या". खरे निर्णय व्हायचे ते नंतर, तळ्याकाठच्या सौनात, वाफ अंगावर घेत, तेही पुरुषांची पाळी आली की. फिनलंडमध्ये याचं कुणाला नवल नव्हतं. व्हीलचेअरवरून शिकवणारी सिर्का मात्र मोठ्या सभागृहाला रॅम्प मागून मागून थकली होती. तिचे वर्ग अजून कोठाराशेजारच्या कोंदट खोलीतच भरत.

यंदा विद्यापीठाचं समानतेचं धोरण आलं: कोणत्याही निर्णयातून कुणालाही वगळायचं नाही. दुसरा कुणी असता तर त्याने सौनात निर्णय घेणं थांबवलं असतं. विभागप्रमुख तार्मोने सगळ्यांनाच सौनात बोलावलं.

एरवी सौनात उघड्या अंगानेच बसायची रीत; आता बायका-पुरुष एकत्र, म्हणून पोहण्याचे कपडे घालणं आलं. म्हातारे प्राध्यापक उर्पो चड्डी सावरत वरच्या फळीवर बसले.

"कपडे घालून सौना? उद्या छत्री घेऊन तळ्यात उतरायला सांगशील."

"गप बसा हो, समानता आहे," तार्मो म्हणाला.

तेवढ्यात सिर्का आली, लोकरीची टोपी आणि जाड कोट घालून. दार अरुंद. खुर्ची उंबऱ्यातच अडली.

"थांब, उचलून घेतो तुला," तार्मो उठला.

"मी काय बटाट्याचं पोतं आहे? इथंच बरी आहे मी."

"अगं, पण दार उघडं राहतंय."

"राहू दे की. वगळायचं नाही ना कुणाला?"

बाहेर नोव्हेंबरचा वारा सुटला होता. तार्मोने तापल्या दगडांवर पाणी ओतलं. वाफ उठली आणि सिर्काच्या टोपीवरून सरळ तळ्याकडे निघून गेली. आणखी ओतलं, तीही गेली. ओल्या अंगाची मंडळी कुडकुडू लागली.

"माझा विषय शेवटचा आहे," सिर्काने थर्मासमधून कॉफी ओतली. "सावकाश चालू द्या. मला घाई नाही."

"रॅम्प आधी घे," उर्पोंचे दात वाजत होते.

"पण खर्चाचं..." तार्मो म्हणाला.

"घे म्हणतो ना."

सगळे हात वर गेले.

"काम कधी सुरू?" सिर्काने विचारलं.

"वसंतात बघू या," तार्मो म्हणाला. सिर्काने खुर्चीचा ब्रेक लावला.

"सोमवारी," सगळी फळी एकदम बोलली.

रॅम्प झाला. तुडुंब भरलेल्या सभागृहात सिर्काने पहिला तास घेतला. त्याच आठवड्यात तार्मोने ठराव आणला: यापुढे निर्णय फक्त बैठकीच्या खोलीत. विरोधात एकच हात वर गेला, सिर्काचा.

"सौनातच बरं होतं," ती म्हणाली. "मला अजून लिफ्ट हवी आहे."