लिंबोणीखालचं अर्थिंग

शिरपूरच्या भिकुबाईंच्या गच्चीवर मुलाने, भूषणने, सोलर बसवलं आणि ते रोज सकाळी बंद पडू लागलं. जिन्याखालच्या सोलरच्या पेटीवर लाल दिवा लागे. दुपारी तो आपोआप जाई. भूषण नरडाण्याला नोकरीला. त्याने सुट्टीच्या दिवशी छगन वायरमनला बोलावलं.

"अर्थिंगमा दोष दाखाडस," छगन पेटीकडे बघत म्हणाला. "अठली जमीन कोरडी शे भाऊ. वल शे तठे नवा खड्डा करना पडी."

दोघांनी एकदमच अंगणातल्या लिंबोणीच्या ओल्या आळ्याकडे पाहिलं.

भिकुबाई लग्न होऊन आल्या त्या वर्षी त्यांनी ती लावली होती. गल्लीत कुणाला मळमळलं, कुणाकडे पाहुणे आले, तर लिंबू इथलंच जायचं.

"तिनाजोडे नका खंदा रे!"

"माय, उद्या कुणाला शॉक बसला तर?"

भिकुबाईंनी कोपऱ्यातली कुदळ आणून दिली.

लिंबोणीखालच्या खड्ड्यात कोळसा गेला, मिठाचं पोतं गेलं. "रोज पानी टाका अक्का," छगनने बजावलं. भिकुबाई मायेने कळशी कळशी ओतू लागल्या. मीठ विरघळून मुळांत उतरलं. लाल दिवा तरी लागायचा तो लागतच होता, म्हणून छगनने आणखी मीठ भरलं. लिंबोणी पिवळी पडली, मग पानं गाळू लागली.

एका सुट्टीच्या सकाळी भूषण गच्चीवर चढला. पाहतो तो सोलरच्या काचांवर ओली धोतरं पसरलेली आणि त्यांवर ज्वारीचे बिबडे, पातळ पापड, थापलेले! धोतरांचं पाणी काचांखालच्या वायरींच्या जोडांवर टपटपत होतं. दुपारी बिबडे वाळत, जोडही वाळत आणि दिवा जाई.

"माय! हे काय?"

"बिबडा शेतस. पुण्याले शिकाले गयेल नातले धाडाना म्हनीसन तूच सांगं ना? बठ्ठीनी बठ्ठी गच्ची तुन्या काचास्नी खादी, मी कोठे वाळाडू?"

छगनने जोड पुसले, पक्के केले. लाल दिवा गेला. "अर्थिंग पहिलंच चांगलं व्हतं," तो खाली मान घालून पुटपुटला.

भिकुबाईंनी खड्ड्यातलं मीठ उपसायला लावलं, नवी माती घातली, शेणखत घातलं. उपयोग झाला नाही. वैशाखात लिंबोणी तोडावी लागली.

मग त्यांनी बिबड्यांसाठी अंगणातच खाटा टाकल्या. सावलीचा ठिपकासुद्धा नाही. दुपारपर्यंत बिबडे खडखडीत वाळले. भूषणने एक मोडून तोंडात टाकला.

"बघ माय, झाली ना तुझ्या बिबड्यांना जागा?"

भिकुबाईंनी पदर डोक्यावर ओढला.

"हाव रे भाऊ," त्या म्हणाल्या, "ऊन आते बठ्ठं आपलंच शे."