आधी पाय, मग डोकं

जगताप सर माणसाच्या चेहऱ्याकडे आधी कधीच बघत नसत. पायांकडे बघत. तुम्ही दारात उभे राहिलात की त्यांची नजर अंगठ्यापासून टाचेपर्यंत फिरून यायची, आणि पाय पसंत पडले तरच सावकाश वर चढायची. बघायच्या कार्यक्रमात माझ्या सासूबाईंनीसुद्धा मला इतकं नीट पाहिलं नव्हतं.

नेरूळला स्टेशनपासून थोडं आत, पिठाच्या गिरणीच्या वर, सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. नव्वदीच्या मधली वर्षं ती. नव्या मुंबईत तेव्हा माणसांपेक्षा धूळ जास्त राहायची. एकीकडे खाडीत भराव, दुसरीकडे डोंगर फोडून खडी, मधे दिवसभर डंपर. सकाळी पुसलेल्या टीव्हीवर दुपारी बोटानं हिशोब मांडावा. अशा गावात या माणसानं धुळीशी युद्ध पुकारलं होतं, आणि तेही गिरणीच्या डोक्यावर बसून.

क्लासच्या दारात ओलं गोणपाट, मग कोरडं पायपुसणं, मग चपलांची मांडणी. त्यावर सरांच्या हातची पाटी: ‘आधी पाय, मग डोकं’. म्हणजे आधी पाय पुसा, मग डोकं चालवा. आत एसी, काचेचं दार, आणि प्रत्येक मशिनला जुन्या चादरीचं झाकण. झाकणं सरांनी स्वतः शिवली होती. त्यांना झालरसुद्धा होती.

खालचा गिरणीवाला त्यांना छेडायचा, “मास्तर, तुमच्या मशिनीला पीठ चालत नाही, पण तुम्हाला चपाती चालते ना?”

“चपाती हार्ड डिस्कमध्ये जात नाही,” सर वरूनच उत्तर द्यायचे.

सर मूळचे साताऱ्याकडचे. चाळिशी ओलांडलेले, लग्न न केलेले. कधी गावाला जात नसत, गावाहून कुणी येत नसे. “सर, घरी कोण असतं?” मी एकदा चौकशी केली. आगाऊपणात मी तेव्हाही मागे नव्हते.

“धूळ,” सर म्हणाले.

आता मी तिथे कशी पोचले ते सांगते. मी ऑफिसात कारकून. साहेबांनी फर्मान काढलं की यापुढे टेबलावर कॉम्प्युटर येणार, ज्यांना येत नाही त्यांनी शिकून घ्या. म्हणून मी संध्याकाळच्या बॅचला नाव घातलं. पहिल्या दिवशी नवी इस्त्रीची साडी, करकरणाऱ्या कोल्हापुरी आणि हातभर मोगऱ्याचा गजरा असा माझा थाट. जणू कॉम्प्युटर मला बघायला येणार होता.

सरांनी पाय पास केले. मग नजर वर गेली आणि अडकली.

“बाई, हे फूल गळतं का?”

“मोगरा आहे सर.”

“गळतं ना? मग बाहेर.”

तासभर माझा गजरा माझ्याच चपलेवर पडून होता. घरी येऊन मी सगळ्यांना सांगितलं, की क्लास चांगला आहे, फक्त मास्तर थोडे वेडे आहेत.

कोर्स संपताना सर परीक्षा घेत नसत. गट पाडायचे, चिठ्ठीनं विषय द्यायचे, आणि गटानं सगळ्यांसमोर उभं राहून तो मांडायचा. एका गटाला ‘संगणक आणि शेती’ आला. आम्हाला आला ‘संगणक आणि अपंग व्यक्ती’. तेव्हा हाच शब्द वापरायचे. आमच्या गटात मी, उरणजवळच्या गावची रेश्मा, आणि बँकेतले एक गृहस्थ. विषय ऐकल्यापासून ते रजेवर गेले ते गेलेच.

मी खूश. भाषण करायला मिळणार! शाळेत वक्तृत्वात मला एकदा उत्तेजनार्थ बक्षीस होतं, आणि त्यानंतर मला कुणी फारसं बोलू दिलं नव्हतं.

रेश्मा मला मावशी म्हणायची. ती म्हणाली, “मावशी, आपन नुसतं बोलून काय करनार? माझी आत्तेबहीन हाय ना, मंदा. बारावी झाली हाय. लहानपनी पोलिओ झाला, पायाला लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर हाय. तिला कॉम्प्युटर शिकायचाच हाय. तिलाच घेऊन येते.”

“घरचे सोडतील?”

“तिच्या बाबानं सांगितलंय, एकदा जाऊन ये. मास्तरानं घेतली तर शीक, नाय तर नाद सोड.”

म्हणजे एका फेरीत काय ते ठरणार होतं. रेश्मानं तिला पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढून दिला होता, चौकोन आखून, एकेक अक्षर लिहून. मंदा घरी मांडीवर तो पुठ्ठा घेऊन बोटं चालवायची. बेत असा ठरला की मी भाषण करीन, आणि शेवटी मंदा पुढे येऊन खऱ्या मशिनवर आपलं नाव टाइप करील. मग सरांना तिथंच विचारायचं, हिला घेता का? तोवर सरांना काही सांगायचं नाही. आपण एकदम दाखवू, असं दोघींनी ठरवलं.

त्या संध्याकाळी आधी शेतीवाल्यांचं झालं. त्यांच्यातला एक जण “कॉम्प्युटरमुळे पाऊस वेळेवर पडेल” असं म्हणून बसला. टाळ्या पडल्या. मधल्या वेळात सर दाराकडे पाठ करून मलमलच्या फडक्यानं मशिनचा पडदा पुसत होते. मी कोपऱ्यात पदर लावत मनातल्या मनात भाषण घोकत होते.

तेवढ्यात रेश्मा मंदाला घेऊन जिना चढून वर आली. दार उघडलं. सरांना मागे पावलं ऐकू आली आणि मान न वळवता ते रोजच्यासारखं म्हणाले, “आधी पाय! चपला-बूट बाहेर.”

रेश्मा तोंड उघडणार, तर मंदानं तिचा हात दाबला. “राहू दे. मी बसते हितंच. तू जा, तुझा नंबर येईल.”

हे मला नंतर कळलं. मला तेव्हा इतकंच दिसलं की रेश्मा आत आली, काचेचं दार लागलं, आणि दारापलीकडे, चपलांच्या मांडणीशेजारच्या बाकावर, एक मुलगी बसली आहे. निळा पंजाबी ड्रेस, तेल लावून घट्ट वेणी. मला वाटलं, शहाणी आहे, माझ्या खुणेची वाट बघते.

आणि मी सुरू झाले. “मित्रहो, ज्याचे पाय थांबतात, त्याच्यासाठी संगणक दारे उघडतो!” हातवारे तर असे की एसीची गरज पडू नये. काचेतून मंदा आमच्याकडे बघत होती. तिला आवाज ऐकू जात नव्हता, नुसतं माझं तोंड हलताना दिसत असणार. माझ्या शेजारी रेश्माचे डोळे भरून आले होते. मी म्हटलं, वा! काय बोलतेय मी! म्हणून मी दारे उघडण्याचं वाक्य आणखी एकदा घेतलं.

टाळ्या संपल्यावर सर उठले. प्रत्येक गटाला ते एकच प्रश्न विचारत: हे कुणाला विचारून बोललात? शेतीवाल्यांना त्यांनी विचारलं होतं, शेतकरी भेटला का? आम्हाला म्हणाले, “बोललात छान. पण अपंग माणसाला कुणाला विचारलंत?”

“विचारलंय सर,” रेश्मा म्हणाली. “ती आलीय. बाहेर हाय.”

“मग बाहेर का?”

“तुमी बोललात ना सर, बूट बाहेर. तिचा बूट कॅलिपरला जोडलेला हाय. काढला तर ती उभी नाय राहत.”

सगळ्या माना काचेकडे वळल्या. तिकडे मंदाला वाटलं, आपल्याला पाहून सगळे हसतायत की काय. तिनं ओढणीनं गुडघा झाकला.

सर दार उघडून बाहेर गेले. गोणपाट ओलांडून, अनवाणी. मीही मागोमाग गेले. त्यांनी खाली बघितलंच नाही.

“ताई, आत चला.”

“नको सर. फरशी खराब होईल.”

“होऊ दे.”

“उरनची गाडी हाय. चुकली तर बाबा परत सोडनार नाय.” ती हसून म्हणाली. राग बिलकूल नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, सरांना धरायला काहीतरी मिळालं असतं.

ती उठली. गुडघ्याजवळची पट्टी टक् करून बसली. रेश्मा तिला धरून उतरू लागली. जिन्यावर लोखंडाचा आवाज एकेक पायरी खाली जात राहिला, आणि सर हातात मलमलचं फडकं धरून तो शेवटच्या पायरीपर्यंत ऐकत उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी पाटी नव्हती. गोणपाटही नव्हतं. “येऊ द्या तसेच,” सर म्हणाले. पोरांना काय, बूट घालून धडाधड आत. फरशीवर रेती, खुर्च्यांखाली चिखलाचे ठसे. सर बघायचे, ओठ मिटायचे, आणि बॅच सुटली की एकटे सगळं पुसायचे. गिरणीवाल्यालाही राहवलं नाही. “मास्तर, आता पीठबी चालतं काय?”

“चालतं,” सर म्हणाले. गिरणीवाला बिचारा आपल्या दळणाकडे वळला.

रेश्मा दिसली की सर विचारायचे, “सांगितलंस तिला? बूट चालतो म्हणून?”

“सांगितलं सर.”

“मग?”

“बघू म्हनाली.”

पण तिच्या बाबांचं बघून झालं होतं. थोड्याच महिन्यांत मंदाला उरणला एसटीडी बूथ मिळाला. तेव्हा अपंगांना बूथ द्यायचे. घरचे आनंदले. पोरीचं भलं झालं, आता कशाला तो कॉम्प्युटर? रेश्मानं ही बातमी सांगितली तेव्हा सर “चांगलं झालं” म्हणाले आणि आधीच लख्ख असलेला पडदा पुन्हा पुसायला लागले.

आमचा कोर्स संपला. मी ऑफिसात कॉम्प्युटरवर बसले, आणि त्याला हात लावायच्या आधी नमस्कार करते म्हणून सगळे मला हसले. रेश्मा मला वर्षा-दीड वर्षानं नेरूळच्या बाजारात भेटली. सरांचा विषय निघाला.

“सर तर रविवारी उरनला येतात,” ती म्हणाली. “मंदाच्या बूथवर. फोन करायला.”

“नेरूळला बूथ संपले का?” मी हसले. वेडे ते वेडेच, म्हटलं. “आणि करतात कुणाला? त्यांचं तर कुणी नाही.”

“क्लासला.”

“रविवारी तर क्लासला कुलूप असतं!”

“तेच तर. मंदाच्या समोर मीटर असतो ना, त्यावर नंबर दिसतो. क्लासच्या जाहिरातीवरचा तो नंबर तिला पाठ हाय. सर लावतात, नुसती रिंग वाजते. मग केबिनच्या बाहेर येऊन सांगतात, उचलत नाहीत. मंदा म्हनते, लावा परत. ते म्हनतात, नको, पुढच्या रविवारी बघतो. आनि जातात गाडीला.”

माझं हसू कुठे गेलं कुणास ठाऊक. एवढा एसटीचा प्रवास करून हा माणूस तिच्यासमोर जाऊन उभा राहतो, आणि सांगायचं असतं ते सोडून रिकाम्या खोलीत फोन वाजवून परत येतो. तिकडे ती पोर, जिनं पुठ्ठ्यावर सगळी अक्षरं पाठ केली होती, तिनं त्यांच्या एकाही मशिनला कधी बोट लावलं नाही.

“अगं, मग मंदा त्यांना विचारत का नाही,” मी म्हटलं, “की सर, तुम्ही येता कशाला?”

“मी पन तेच बोलले तिला,” रेश्मा म्हणाली. “तर मला म्हनते, विचारलं आनि मग यायचेच थांबले तर?”