पानावर बेचाळीस श्रवणयंत्रं

दुकानाचं इंटरनेटवरचं पान सर्चमध्ये चौथ्या नंबरावरून घसरत घसरत पार तळाला गेलं, आणि दुकानातला फोन मुका झाला.

"बाबा, मी लिहून दिलेल्या मजकुराला हात लावलात ना?" मुलीने विचारलं. दुकानांसाठी असा मजकूर लिहिणं हेच तिचं काम होतं.

"थोडी डागडुजी केली," बाबा म्हणाले. मग सवयीने, "डागडुजी. डागडुजी केली गं!"

चौतीस वर्षं त्यांनी कमी ऐकू येणाऱ्यांना श्रवणयंत्रं विकली होती. प्रत्येक गोष्ट तीनदा, चढत्या आवाजात सांगायची, हे अंगवळणी पडलं होतं. घरी जेवताना मीठसुद्धा ते तीनदा मागत. या महिन्यात एकही नवं गिऱ्हाईक आलं नाही, तर दुकानाला कुलूप लावून मुलीकडे राहायला जायचं, असं त्यांनी कबूल केलं होतं. तीनदा कबूल केलं होतं, त्यामुळे नाकबूल करायची सोय नव्हती. महिना संपायला उरले होते बारा दिवस.

मुलीने पान उघडलं. 'आमच्या श्रवणयंत्राच्या दुकानात श्रवणयंत्र घेणाऱ्या श्रवणयंत्र ग्राहकांना उत्तम श्रवणयंत्र मिळते.' पुढे तिने 'श्रवणयंत्र' हा शब्द नुसता मोजला.

"बेचाळीस, बाबा!"

"तू चारदाच लिहिलं होतंस. एवढ्या दुनियेत चार हाकांनी काय होतंय? मी आणखी घातले. नंबर खाली गेला, म्हणून आणखी घातले."

"ते सर्चवालं मशीन बहिरं नाही हो! पहिल्या खेपेला ऐकतं. घोकत बसलात की त्याला वाटतं, हा माणूस गंडवतोय. आणि माणसांनाही तेच वाटतं. मला सांगा, लोक आल्या आल्या काय म्हणतात?"

"म्हणतात, मला चांगलं ऐकू येतं, घरचेच पुटपुटतात."

तिने तेच लिहिलं. श्रवणयंत्रं पाचच ठेवली. पान हळूहळू वर सरकलं.

त्या बारातल्या दहाव्या दिवशी एक शिवणकाम करणाऱ्या बाई आल्या. "ते पुटपुटण्याचं वाचलं," त्या म्हणाल्या. बाबांनी कान तपासले, यंत्र दाखवलं, सगळं हळू आणि एकेकदाच सांगितलं. घशाशी आलेलं दुसऱ्यांदाचं वाक्य ते दरवेळी गिळत होते. आतल्या खोलीतून मुलगी बघत होती. बाई मान डोलावत होत्या.

"हेच द्या," शेवटी बाई म्हणाल्या. "तुम्ही काय बोललात, त्यातलं एक अक्षर मला ऐकू आलं नाही. पण बाकीचे दुकानदार अंगावर ओरडतात हो. तुम्ही नाही ओरडलात."

त्या गेल्यावर बाबांनी मुलीला बाहेर बोलावलं.

"हे पानावर घालायचं का गं? आम्ही ओरडत नाही?"

"घाला. एकदाच."

बाबांनी चष्मा लावून ते वाक्य कागदावर एकदाच लिहिलं. मग पेन टोपणात घातलं, आणि टोपण दाबून धरून बसले.