उशिऱ्याचं घड्याळ

बैठक सकाळी साडेदहाची होती, ती उशिऱ्याच्याच दिवाणखान्यात होती, आणि तरीही उशिऱ्या बैठकीला उशिरा आला. तो न्हाणीघरात होता. तोवर जनरल, ब्रिगेडियर आणि कर्नल असे त्याच्या बॅचचे तीन निवृत्त साहेब सोफ्यावर ताठ बसून वहिनींशी हवापाण्याच्या गप्पा मारत होते. तिघेही सव्वादहालाच येऊन थडकले होते. फौजी माणूस दिलेल्या वेळेच्या पाव तास आधी पोहोचतो, मग घरच्या बाईच्या हातात केरसुणी का असेना.

"वहिनी, हा प्राणी स्वतःच्या लग्नाला तरी वेळेवर आला होता का हो?" जनरलनी विचारलं.

"आले होते की. मीच त्यांना एक तास अलीकडची वेळ कळवली होती," वहिनी म्हणाल्या.

तेवढ्यात उशिऱ्या डोकं पुसत बाहेर आला. हा मनुष्य मेजर म्हणून निवृत्त झाला, एक पदकही त्याच्या छातीवर लागलं, पण बॅचसाठी तो उशिऱ्याच राहिला. नाव पडलं ते अकादमीतल्या शेवटच्या दिवशी. बॅचचा फोटो अकराला होता. हा बुटांवर पॉलिशचा आणखी एक हात मारत बसला आणि चार मिनिटं उशिरा पोहोचला. तोवर फोटोवाला तिवई काखोटीला मारून चालता झाला होता. अकादमीच्या व्हरांड्यात तो फोटो अजून टांगलेला आहे. त्यात अडतीस जण आहेत. एकोणचाळिसावा उशिऱ्या.

आता त्याला चाळीस वर्षं होत होती. बॅचचं संमेलन अकादमीत भरणार होतं आणि कार्यक्रमपत्रिकेत अकरा वाजता नवा फोटो होता. उशिऱ्याला दुसऱ्या कशाचीही पडलेली नव्हती. मध्यंतरी नातीने जुन्या फोटोतली एकेक मान बोटाने मोजून विचारलं होतं, "आजोबा, तुम्ही नक्की होता ना तिथे?" ते त्याला फार लागलं होतं.

बैठक होती ती अकादमीला काय भेट द्यायची यासाठी.

"तोफ देऊ," कर्नल म्हणाला. तो तोफखान्यातला.

"सहा तोफा आहेत त्यांच्याकडे."

"मग सातवी देऊ."

ब्रिगेडियरच्या मनात घोड्याचा पुतळा होता. "वर स्वार कोण?" असं उशिऱ्याने विचारल्यावर तिघांच्या पाठी आणखी ताठ झाल्या. प्रत्येकाने मनातल्या मनात मांड ठोकून पाहिली असावी.

"मी मध्ये बोलते, रागावू नका," वहिनी चहाचे कप ठेवत म्हणाल्या. "पोरांच्या उपयोगाचं काहीतरी द्या ना. गाद्या द्या. चाळीस वर्षांपूर्वी टोचत होत्या म्हणून हे अजून सांगत असतात."

जनरलनी घसा खाकरला. "कल्पना चांगली आहे वहिनी. पण गादीवर आपल्या नावांची पाटी कुठे लावणार?"

गाद्या बारगळल्या. मग उशिऱ्या हळूच म्हणाला, "मैदानातल्या मनोऱ्यावरचं घड्याळ बंद पडलंय. ते नवीन देऊ या."

तिघांना इतकं हसू फुटलं की ब्रिगेडियरच्या नाकातून चहा आला. "उशिऱ्या घड्याळ देणार! टकल्याने फणी वाटावी तसं झालं हे!" पण हसू ओसरल्यावर जनरलच्या लक्षात आलं की मनोऱ्यावर घड्याळाच्या खाली भरपूर जागा आहे. पाटी झक्क बसेल. घड्याळ तिथल्या तिथे मंजूर झालं, आणि कल्पना ज्याची, काम त्याचं, या न्यायाने सगळं उशिऱ्याच्या गळ्यात पडलं.

पैसे हुद्द्याप्रमाणे काढायचे ठरले. जितका मोठा हुद्दा तितकी मोठी वर्गणी. उशिऱ्याने तसं सगळ्यांना कळवलं आणि चमत्कार घडला. ज्यांनी बढतीपायी उभ्या आयुष्याची झोप उडवून घेतली होती, ते आठवड्याभरात राजीखुशीने खाली उतरले. कर्नलचा फोन आला, "अरे, कर्नल मी शेवटचे आठ महिनेच होतो. ते काय धरतोस?" एका ब्रिगेडियरने तर, आपण मनाने कायम कॅप्टनच आहोत, असं कळवलं.

उशिऱ्या वैतागला. बायकोने त्याला युक्ती सांगितली आणि त्याने दुसरं पत्र धाडलं. जो ज्या हुद्द्याची वर्गणी देईल, तोच हुद्दा पाटीवर त्याच्या नावापुढे कोरला जाईल. पत्र पोहोचलं त्या संध्याकाळच्या आत सगळे आपापल्या जागी परत चढले. दोघं तर होते त्याहून एक पायरी वर गेले. त्यांना समजावून खाली आणायला मात्र चार दिवस मोडले.

संमेलनाच्या आदल्या दिवशी दुपारी घड्याळ मनोऱ्यावर चढलं. उशिऱ्याने रेडिओवरचे टोले ऐकून ते सेकंदाला सेकंद जुळवून लावलं. दुसऱ्या दिवशी अनावरण म्हणून तबकडीवर कापड टाकलं; टोलेही अनावरणानंतरच सुरू व्हायचे होते. मागच्या बाजूला एक पेटी होती, पेटीत एक चाक. चाकाला एक फेरा दिला की काटे पाव तास पुढे. पेटीची किल्ली पहारेकऱ्यांच्या खोलीत राहणार होती आणि नेणाऱ्याने वहीत सही करायची होती.

चार वाजता कर्नल मनोऱ्यापाशी आला. वर कापड, त्यामुळे किती वाजलेत ते दिसेना. पण दिसायची गरज काय होती? उशिऱ्याने लावलेलं घड्याळ. ते मागे असणार हे सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ होतं. बॅचची अब्रू जायला नको म्हणून त्याने किल्ली आणली, चाकाला एक फेरा दिला, पेटी बंद केली आणि वहीत 'पाहणी' असं लिहून सही ठोकली.

साडेचारला ब्रिगेडियर आला. त्याच्याही मनात तेच आलं. त्यानेही एक फेरा दिला आणि सही केली.

पाचला खुद्द जनरल आले. "उद्या दोरी मी ओढणार आणि घड्याळ मागे निघालं म्हणजे? नाक कापलं जायचं," असं स्वतःशीच म्हणत त्यांनीही एक फेरा दिला. फौजेतला मोठा गुण हा की जबाबदारी प्रत्येक जण घेतो. वाईट एवढंच की घेतल्याचं कोणी कोणाला सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी उशिऱ्या साडेसातलाच मैदानावर हजर होता. बायकोने त्याला अंधारात उठवून, बूट स्वतः पुसून, दाराबाहेर काढलं होतं. बाकीचे पावणेदहाला आले, म्हणजे वेळेवर. "अरे, हा आधी? आज भूकंप होणार!" कर्नल ओरडला. उशिऱ्या नुसता हसला. त्याचं लक्ष समोर मांडलेल्या खुर्च्यांकडे होतं. तीन रांगा होत्या, प्रत्येक खुर्चीवर एकाचं नाव होतं, आणि दुसऱ्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर त्याचं होतं.

बरोबर दहाला जनरलनी दोरी ओढली. कापड खाली आलं. घड्याळात पावणेअकरा वाजले होते.

मैदानावर शेकडो कॅडेट ताठ उभे होते. कोणाची पापणी हलली नाही. अकादमीच्या कमांडंटने मनोऱ्याकडे पाहिलं, मनगटाकडे पाहिलं, जनरलकडे पाहिलं. मग त्याने शांतपणे स्वतःचं घड्याळ पाऊण तास पुढे केलं. ते पाहून मागच्या अधिकाऱ्यांनी केलं. प्रत्यक्ष जनरलसाहेबांनी उघडलेली वेळ चुकीची म्हणायची कोणाची छाती?

"हे काय रे?" जनरल दातओठ खात उशिऱ्याच्या कानाशी पुटपुटले.

"शप्पथ सांगतो, मी अगदी बरोबर लावलं होतं!"

"तू? बरोबर?" तिघेही एका सुरात म्हणाले. आपला पाव तास प्रत्येकाला ठाऊक होता. उरलेला अर्धा तास उशिऱ्याचाच, याबद्दल कोणाला शंका नव्हती.

"फौजी माणूस वेळेच्या पुढे असतो!" जनरल मोठ्याने म्हणाले. टाळ्या पडल्या. मग सगळी बॅच मेसमध्ये चहाला गेली. फोटोला अजून त्यांच्या मनगटाप्रमाणे तास होता.

उशिऱ्या गेला नाही. आयता हातात आलेला फोटो एका चहापायी घालवायला तो वेडा नव्हता. तो आपल्या खुर्चीत जाऊन बसला. समोर अकादमीचा फोटोवाला हवालदार कॅमेरा लावत होता. थोड्याच वेळात मनोऱ्यावर टोले पडायला लागले. अकरा.

"तयार साहेब?" हवालदार म्हणाला.

"अहो थांबा! बाकीचे चहाला गेलेत!"

"हुकूम अकराचा आहे साहेब. पाच मिनिटांनी कॅडेटांचे फोटो सुरू."

"मी बोलावून आणतो त्यांना!" उशिऱ्या उठला.

"आणा साहेब. पण मी दहा मोजून काढणार."

मेस दोनशे पावलांवर होती. तिथून हसण्याचा आणि कपबशांचा आवाज येत होता. उशिऱ्याने दोन हाका मारल्या. कोणी ऐकलं नाही. तो चार पावलं पळाला आणि थांबला. पळत गेला तर ते येईपर्यंत फोटो निघालेला असणार, आणि त्यात तो पुन्हा नसणार. "सात... आठ..." हवालदार मोजत होता. उशिऱ्याला त्या सगळ्यांची फार माया होती. पण चाळीस वर्षं म्हणजे काही थोडी नव्हेत. तो परत येऊन खुर्चीत बसला आणि त्याने टोपी सारखी केली. लख्ख उजेड पडला.

बॅच आली तेव्हा खुर्च्या उचलणं चाललं होतं. जनरलचा चेहरा लालबुंद झाला. "फोटो परत काढा! घड्याळ साफ चुकलंय!"

"जशी आज्ञा सर," कमांडंट अदबीने म्हणाला. "घड्याळ चुकलंय असं आपण लेखी दिलंत की लगेच चौकशी लावतो. पेटीची किल्ली कोणी कोणी नेली, सगळं वहीत आहे."

कर्नल बुटांकडे बघू लागला. ब्रिगेडियरला खोकला आला. जनरलनी मान वर करून मनोऱ्याकडे पाहिलं.

"घड्याळ उत्तम आहे," ते शेवटी म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून अकादमीत सगळे पाऊण तास आधी उठू लागले. ही भेट ज्या बॅचने दिली तिच्या नावाची पाटी शेकडो पोरं रोज पहाटे वाचतात आणि काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.

महिन्याभराने उशिऱ्याकडे जनरलचा फोन आला. आवाज पडलेला होता.

"फोटो लावला म्हणे त्यांनी व्हरांड्यात. जुन्याच्या शेजारी."

"हो. मी बघून आलो. छान आलाय. खाली एकोणचाळीस नावं आहेत."

"आणि वर तू एकटा! काल नातवाला हौसेने घेऊन गेलो रे. सगळ्या रिकाम्या खुर्च्या मोजल्या त्याने. मग मला विचारतो, आजोबा, तुम्ही कुठे होता? काय सांगू मी त्याला?"

उशिऱ्याला खरंच वाईट वाटलं. त्याने थोडा विचार केला.

"उशीर झाला म्हणून सांग," तो म्हणाला. "होते सवय. पहिली चाळीस वर्षं तेवढी जड जातात."