सर्पदंशाची सुई

तुम्हाला म्हणून सांगतो, १९६१ साली अख्ख्या जयपुरात वैद्यकातलं आधुनिक तंत्र कोणाला कळत असेल तर ते मला! डॉक्टरांचं मला माहीत नाही. मी तिथल्या एका मेडिकल कॉलेजात लायब्ररियन होतो, तोही टेंपररी. दिल्लीचे साहेब तपासणीला येऊन खूश झाले की पर्मनंट होणार होतो. साहेब म्हणजे उत्तमराव, साताऱ्याचे. आपलाच माणूस, मग काळजी कसली!

त्यांच्यासाठी मी खास भोकांची कार्डं मागवली. एका कार्डावर आमच्या डॉक्टरांचा एक लेख आणि कडेनं भोकं. एक भोक मलेरियाचं, एक क्षयाचं, एक सर्पदंशाचं. लेख ज्या रोगावर, त्याचं भोक कात्रीनं कडेपर्यंत कापायचं. मग गठ्ठ्याच्या मलेरियाच्या भोकात सुई घालून उचलायची. मलेरियाचे लेख खाली पडतात, बाकीचे सुईला लटकून राहतात. डोकं अजिबात लागत नाही, म्हणून तर ते आधुनिक.

कार्डं आली, सुई आली नाही. मी बायकोच्या अर्धवट स्वेटरातली उपसली.

"अहो, टाके सुटले की सगळे," प्रतिमा म्हणाली.

"पर्मनंट झालो की राजा पार्कच्या बाजारातून तयार स्वेटर आणू."

"आधी व्हा तर खरं."

सगळं कापून झालं आणि डोळ्यांचे डॉक्टर माथुर आले. "उमाकांतजी, हमारा लेख सिर्फ आँखों में?"

"साहेब, तो खुपऱ्यांवर आहे."

"मतलब, मलेरिया के मरीज़ की आँखें नहीं होतीं?"

आता या माणसाची शिफारस मला हवी होती. मी मलेरियाचं भोक कापलं. त्यांनी क्षयाचंही कापून घेतलं. दुसऱ्या दिवशी हाडांचे डॉक्टर दारात. माथुर मलेरियात, मग आम्ही काय पाप केलं? त्यांच्या मागोमाग त्वचेचे आले, दातांचे आले. नाही कोणाला म्हणणार? आठवडाभर मी आणि कात्री.

तपासणीच्या दिवशी सगळे डॉक्टर इस्त्रीचे कोट घालून उभे होते.

"कुठलाही रोग विचारू?" उत्तमरावांनी विचारलं.

"कुठलाही, साहेब."

"सर्पदंश."

मी ऐटीत सुई घातली आणि उचलली. अख्खा गठ्ठा जमिनीवर! सुईला औषधालाही कार्ड उरलं नाही. डॉक्टर मंडळी वाकवाकून आपापलं कार्ड पडल्याची खात्री करत होती.

उत्तमरावांनी एक उचललं. "खुपऱ्या आणि सर्पदंश?"

"जी, साँप पहले दिखना भी तो चाहिए," माथुर म्हणाले.

"बरं, क्षय बघू."

पुन्हा गठ्ठा जमिनीवर. मी खाली बसून कार्डं गोळा करू लागलो. उत्तमराव मात्र अगदी मायेनं म्हणाले, "उमाकांतराव, पद्धत चांगली आहे हो. पण गठ्ठा हातातून नुसता सोडला तरी एवढंच होईल ना? मग सुई कशाला?" जरा थांबून म्हणाले, "आणि माणूस तरी कशाला?"

अहवालात डॉक्टरांच्या चौफेर विद्वत्तेचं कौतुक आलं आणि लायब्ररियनची जागा रद्द झाली. हल्ली मी जयपुरातच, सी-स्कीममध्ये विम्याच्या कचेरीत आहे. तिथे आधुनिक असं काही अजून आलेलं नाही. येतंय अशी कुणकुण लागली, की मी रजा टाकतो.